मोतीचं औषध आणि सात वेळा धुतलेलं भांडं

गेल्या पावसाळ्यात गावाहून अम्मीचा फोन आला. मोतीनं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. आमचं गाव म्हसळा तालुक्यात. घरामागे नारळ-सुपारीची वाडी आहे आणि मोती त्या वाडीचा राखणदार. वानरं आली की सगळं गाव जागं करतो, रात्री बेड्यापाशी झोपतो. घराच्या उंबऱ्याच्या आत त्यानं आजवर पाय ठेवलेला नाही. ती शिस्त अम्मीची.

मी चार दिवसांची रजा काढून गावी गेलो. तालुक्याच्या ठिकाणी गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिरड्या पाहिल्या, त्या पांढऱ्या पडल्या होत्या. अंगात ताप होता, कानामागे गोचिड्या. रक्त तपासून त्यांनी गोचिडताप असल्याचं सांगितलं. मोती गोळ्या थुंकून टाकतो म्हटल्यावर पातळ औषध दिलं. पाच मिली, दिवसातून दोनदा, चार आठवडे. म्हणजे छप्पन्न वेळा. त्यातले जेमतेम आठ डोस माझ्या वाट्याचे होते. बाकीचे देणार कोण, हा प्रश्न मी गाडीत बसल्यापासूनच टाळत होतो. घरी अम्मी एकटी असते. आम्ही कोकणातले शाफई मुसलमान. अम्मीचा पाच वेळचा नमाज कधी चुकत नाही आणि कुत्र्याच्या लाळेचा थेंब कपड्याला लागला तर तो कपडा सात वेळा धुवायचा, त्यातलं एक पाणी मातीचं, हे आम्हाला अक्षरं गिरवण्याआधी शिकवलेलं.

पहिल्या संध्याकाळी सगळं फसलं. दादा बैलांना बांबूच्या नळीनं काढा पाजायचे, तेच डोळ्यांसमोर होतं. मोतीचं तोंड वर केलं आणि समोरून औषध ओतलं. त्याला ठसका लागला, त्यानं जोरात मान झटकली आणि लाळ मिसळलेलं पिवळं औषध माझ्या सदऱ्यावर आलं. ओट्यावरून अम्मी म्हणाली, “तसाच आत येऊ नकोस.” तेवढ्यात रस्त्यानं जाणारे आमच्याच जमातीतले एक चाचा थांबले. हसत म्हणाले, “कुत्र्याची एवढी खिदमत? घरात फरिश्ते यायचे नाहीत रे.”

अम्मी काहीच बोलली नाही. मीही नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आपल्या दीनमध्ये, आपल्या इतिहासात आजारी कुत्र्याला औषध पाजणाऱ्या माणसाची जागा नेमकी कुठे आहे? रात्री कंदिलाच्या उजेडात नाही, मोबाइलच्याच उजेडात, पण मी शोधत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

विहिरीवरची बाई

सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. बुखारी शरीफमध्ये एका वेश्येची हकिकत आहे. ती एका विहिरीजवळून जात होती. तिथे तहानेनं जीभ बाहेर काढलेला, मरायला टेकलेला एक कुत्रा होता. पाणी काढायला तिच्याकडे भांडं नव्हतं. तिनं पायातला मोजडीसारखा जोडा काढला, ओढणीला बांधला, विहिरीत सोडला आणि कुत्र्याला पाणी पाजलं. तेवढ्यावर तिचे गुन्हे माफ झाले. तशीच एका पुरुषाची हकिकत आहे. तो स्वतः विहिरीत उतरतो, जोडा पाण्यानं भरतो, दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. ती ऐकून सहाबांनी विचारलं की जनावरांच्या बाबतीतही आम्हाला सवाब आहे का? उत्तराचा आशय असा, की ज्याच्या आत ओलं काळीज आहे अशा प्रत्येक जिवाच्या बाबतीत आहे.

या दोन्ही हकिकती आपण लहानपणापासून वाजमध्ये ऐकतो. पण त्यातला एक तपशील माझ्या ध्यानात इतक्या वर्षांत आला नव्हता. त्या माणसानं जोडा तोंडात धरला, कारण वर चढायला दोन्ही हात हवे होते. दुसऱ्या जिवाला पाजण्यासाठी स्वतःची गैरसोय आणि थोडी घाणही पत्करावी लागते, हे त्या हकिकतीत गृहीतच धरलेलं आहे.

कुरआनातही कुत्रा येतो. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांच्या उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. त्या तरुणांची संख्या सांगताना प्रत्येक वेळी त्यालाही मोजलं आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्यानं पकडून आणलेली शिकार खायला परवानगी आहे. दुसरीकडे, कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं, विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज घट होते, कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, या हदीसही आहेत. शिकारीचा, गुराढोरांचा आणि शेताचा कुत्रा मात्र त्या घटीतून वगळलेला आहे. चाचांनी एक हदीस सांगितली होती, वाडी राखणाऱ्या मोतीला लागू होणारी दुसरी सांगितली नव्हती.

गुरू-शिष्यांचा मतभेद

हे सगळं एकत्र कसं वाचायचं यावर मोठमोठ्या इमामांचं एकमत झालं नाही. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू इ. स. ७९५) यांच्या मते कुत्रा पाकच आहे. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कुत्र्यानं दातांत धरून आणलेली शिकार खायची मुभा असेल, तर त्याची लाळ नापाक कशी? भांडं धुण्याचा हुकूम त्यांना मान्य होता, पण तो आज्ञापालन म्हणून. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांच्या परंपरेत कुत्र्याची लाळ नापाक ठरली, पण त्याच्या कोरड्या केसांना हात लागल्यानं काही बिघडत नाही आणि भांडं तीन वेळा धुणं पुरे.

इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांनी सर्वांत कडक भूमिका घेतली. अख्खा कुत्रा नापाक, ओला स्पर्श झाला की सात वेळा धुणं, त्यात एकदा माती. गंमत अशी की शाफई हे मालिक यांचेच शिष्य. तरुणपणी ते मदिनेला गेले आणि मालिक यांच्याकडे शिकले. ज्या गुरूच्या पायाशी बसले, त्याच्याशी त्यांनी कुत्र्याच्या बाबतीत पूर्ण मतभेद ठेवला आणि गुरूबद्दलचा आदर कमी केला नाही. आपल्याकडे दोन मौलाना एका मुद्द्यावर भांडले की गावात दोन जमाती होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मराठी मुसलमानांत हे दोन्ही प्रवाह आहेत. अरबी समुद्रातल्या व्यापारानं आलेला शाफई मार्ग कोकणच्या किनाऱ्यावर रुजला, तर घाटावर, मराठवाड्यात हनफी मार्ग आहे. त्यामुळे माझ्या औरंगाबादच्या मित्राच्या घरी आणि माझ्या घरी एकाच कुत्र्याचे नियम वेगळे.

पण एक गोष्ट मला तिन्ही इमामांकडे सारखी दिसली. वाद होता तो नंतर काय धुवायचं आणि किती वेळा, यावर. कुत्र्याला पाजावं की पाजू नये, हा वादाचा मुद्दाच नव्हता. विहिरीवरची बाई सगळ्यांनाच मान्य होती.

बगदादहून इटलीला गेलेली औषधं

फिकहच्या बाहेर पाहिलं तर चित्र आणखी मोकळं आहे. बसऱ्याचा लेखक जाहिज (मृत्यू ८६८) यानं ‘किताब अल-हयवान’ हा प्राण्यांवरचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीच्या खंडांत कुत्र्याची बाजू घेणारा आणि कोंबड्याची बाजू घेणारा, अशा दोघांचा लांबलचक वाद आहे. बगदादच्या इब्न अल-मर्जुबान (मृत्यू ९२१) यानं तर एक आख्खं पुस्तकच कुत्र्यांच्या वफादारीवर लिहिलं. नावाचा अर्थ असा : कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्र्यांचं श्रेष्ठत्व. नावातच टोमणा आहे.

याच काळात अब्बासी दरबारात शिकारीचं शास्त्र वाढत होतं. ससाणे आणि सलुकी कुत्रे यांवर खर्च करणाऱ्या खलिफांना ती जनावरं आजारी पडली तर काय करायचं, हेही हवं होतं. त्यामुळे शिकारीवरच्या अरबी पुस्तकांत रोगांचे आणि इलाजांचे भाग लिहिले गेले. त्यातलं एक पुस्तक युरोपात ‘मोआमिन’ या नावानं ओळखलं गेलं. त्याचा लॅटिन अनुवाद सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्यासाठी अंताकियाच्या थिओडोरनं केला. थिओडोर अरबी जाणणारा ख्रिस्ती विद्वान, मोसुलला शिकलेला. पुस्तकाचे पाच भाग. पहिले तीन शिकारी पक्ष्यांवर, शेवटचे दोन शिकारीच्या चतुष्पादांवर, म्हणजे मुख्यतः कुत्र्यांवर. १२४०-४१ मध्ये फ्रेडरिक इटलीतल्या फाएन्झा शहराला वेढा घालून बसला होता, तेव्हा त्या छावणीत त्यानं स्वतः हा अनुवाद तपासून दुरुस्त केला. पुढे त्याचा मुलगा एन्झो याच्यासाठी त्याचं फ्रेंचमध्येही भाषांतर झालं.

युरोपात कुत्र्यांच्या औषधोपचाराचं नाव निघालं की साधारणपणे फ्वाच्या सरदाराचं, गास्तों फेब्युसचं, १३८७ मध्ये लिहायला घेतलेलं शिकारीचं पुस्तक आठवतात. त्याच्या सचित्र हस्तलिखितात नोकर कुत्र्यांची शुश्रूषा करताना दाखवले आहेत. ते चित्र सुंदर आहे. पण त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी अरबीतून आलेले कुत्र्यांचे इलाज इटलीत वाचले जात होते. ज्या समाजाला आज ‘तुम्ही कुत्र्यांचा तिरस्कार करता’ असं सर्रास ऐकवलं जातं, त्या समाजाच्या ग्रंथालयातून ही विद्या तिकडे गेली. चाचांना हे माहीत नाही आणि ऐकवणाऱ्यांनाही नाही.

जहांगीरचा चांदीचा चिमटा

हिंदुस्थानातला एक प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडला. सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीरच्या दरबारात होता, तेव्हा त्याच्यासोबत एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्यानं पुढे आपला प्रवास लिहिला. त्यात तो सांगतो की इंग्लंडहून आणलेले मॅस्टिफ जातीचे दोन धिप्पाड कुत्रे जहांगीरला फार आवडले. प्रत्येकाच्या दिमतीला चार माणसं दिली. दोघं कुत्र्याला पालखीतून वाहून नेत आणि दोघं बाजूनं चालत माश्या वारत. आणि बादशहानं एक चांदीचा चिमटा खास बनवून घेतला, मनात येईल तेव्हा त्या कुत्र्यांना स्वतःच्या हातानं भरवता यावं म्हणून.

हा चिमटा वाचून मी थांबलो. मुघल दरबार हनफी. लाळ नापाक. जहांगीरकडे कुत्र्यांना भरवायला शेकडो नोकर होते. तरी त्याला स्वतः भरवायचं होतं आणि हातही सांभाळायचा होता. माझ्या मते चिमट्यानं दोन्ही साधलं. चांदी आणि पालखी बादशहाची, पण अडचण आमच्या ओट्यावरचीच होती. आमच्याकडे चिमट्याच्या जागी मेडिकलमधून आणलेली बिनसुईची प्लास्टिकची सिरिंज होती.

इस्तंबूल आणि मुंबई

मग कुत्र्यांशी सर्वांत क्रूरपणे कधी वागलं गेलं? त्याचं उत्तर मला अस्वस्थ करणारं निघालं.

इस्तंबूलच्या गल्ल्यांत शतकानुशतकं कुत्रे राहत होते. घरात त्यांना कोणी घेत नसे, पण गल्लीतले लोक त्यांना खायला घालत, पाणी ठेवत. युरोपीय प्रवासी ते पाहून चकित होत. १८८५ मध्ये लुई पाश्चरनं पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस दिल्याची बातमी आली, तेव्हा सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदनं १८८६ मध्ये पॅरिसला तिघांचं पथक पाठवलं. त्यात एक पशुवैद्यही होता. सोबत पाश्चरच्या संस्थेसाठी दहा हजार फ्रँकची देणगी. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये रेबीजवरचं केंद्र सुरू झालं. तरीही १९१० मध्ये, शहर ‘आधुनिक’ दिसावं म्हणून, नव्या राजवटीनं हजारो कुत्रे पकडून मारमाराच्या समुद्रातल्या एका उजाड बेटावर सोडले. तिथे ना अन्न, ना पाणी. ते भुकेनं आणि तहानेनं मेले. लाळेला नापाक मानणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांना मारलं नव्हतं. उलट गल्लीतल्या सामान्य माणसांचा त्याला विरोध होता.

आपल्या मुंबईतही १८३२ मध्ये असंच काहीसं घडलं. कंपनी सरकारनं मोकाट कुत्रे मारण्याची मुदत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे शिपाई लोकांच्या दारातलेही कुत्रे ओढू लागले. जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, किल्ल्यात येणारा माल अडला. त्याच पारशी समाजातल्या दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. १८८३ मध्ये त्याचा पाया घातला गेला. १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथेच सुरू झालं. महाराष्ट्रात आज गुरांचे डॉक्टर तालुक्यापर्यंत पोचले आहेत, त्यामागे ही परंपरा आहे. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, आपल्याकडे लाळेचा नियम आहे. पण मोतीच्या औषधाची चिठ्ठी आमच्या हातात आली ती अशाच लोकांच्या धडपडीमुळे.

छप्पन्न डोस

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून मी रीतसर शिकून घेतलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहितो. बाटली आधी नीट हलवायची. मोजलेलं औषध बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचं. कुत्र्याचं तोंड आभाळाकडे करायचं नाही, मान साधारण सरळच ठेवायची. तोंड जबरदस्तीनं उघडायचंही नाही. बाजूनं ओठ किंचित ओढला की सुळ्याच्या मागे, गाल आणि दातांच्या मध्ये एक पिशवी तयार होते. सिरिंजचं टोक तिथे ठेवून औषध थोडं थोडं सोडायचं आणि प्रत्येक घोट गिळू द्यायचा. त्यानं नाक चाटलं की समजावं, गिळलं. घशात समोरून पिचकारी मारली तर औषध श्वासनळीत जाऊन फुप्फुसाला अपाय होतो. पहिल्या दिवशी मी नेमकं तेच करत होतो. कुत्रा गुंगीत असेल किंवा उलट्या करत असेल तर पाजू नये, डॉक्टरांना विचारावं. औषधामागून थोडं पाणी द्यावं. घरातलं तापाचं किंवा दुखण्याचं माणसांचं औषध मनानं कधीच देऊ नये, त्यातली काही कुत्र्यांना विषासारखी असतात.

या पद्धतीनं तिसऱ्या डोसपासून एक थेंबही बाहेर आला नाही. अम्मी ओट्यावरून सगळं पाहत होती. मी तिला इमाम मालिक सांगितले, विहिरीवरची बाई सांगितली. ती म्हणाली, “ती हकिकत मला माहीत आहे. तुझ्या नानीनंच सांगितली होती.” मालिक यांच्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही. मला वाटलं, उरलेल्या डोससाठी शेजारच्या मुलाला पैसे देऊन सांगावं लागेल.

निघायच्या दिवशी सकाळी उठलो तर अम्मी वाडीत होती. अंगावर जुना, बाजूला ठेवलेला सलवार-कमीज. मोती तिच्या गुडघ्याशी बसला होता. तिनं एका हातानं त्याचा ओठ ओढला होता, दुसऱ्या हातात सिरिंज. तोंडानं “गिळ रे बाबा, गिळ” चाललं होतं. पाचही मिली गेलं. मग तिनं सिरिंज, पाण्याची वाटी आणि स्वतःचे हात विहिरीकाठी धुतले. एकदा वाडीतली स्वच्छ लाल माती लावून, आणि पाणी मोजून सात वेळा. कपडे बदलले, वजू केला आणि इशराकच्या नमाजला उभी राहिली.

तिनं शाफई मत सोडलं नाही आणि मोतीलाही सोडलं नाही. मी रात्रभर जागून जो मार्ग मालिक यांच्याकडे शोधत होतो, तो तिला स्वतःच्याच मतात सापडला होता. सात वेळा धुवायचा नियम आहे, म्हणजे भांडं भरायला मोकळीक आहे, एवढा सरळ हिशेब तिनं केला. राहिलेले डोस तिनंच दिले. रोज दोनदा, चौदा वेळा धुणं. चौथ्या आठवड्यात फोनवर म्हणाली, मोती खायला लागला आहे आणि वानरांच्या मागे धावतो आहे.

चाचा परत भेटले का, असं मी विचारलं. म्हणाली, भेटले होते, त्यांच्या बकरीला औषध पाजायला सिरिंज मागत होते.